पाचर

आधीच सांगते, भूतबित माझ्या गॅरेजात चालत नाही. गाडी आवाज करते म्हणजे तिचं काहीतरी ढिलं असतं, झिजलेलं असतं, नाहीतर कुणा शहाण्यानं वाकडं बसवलेलं असतं. आमच्या वडिलांच्या जुन्या काळ्या गाडीच्या बाबतीत तो शहाणा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

गेल्या वर्षी काविळीनं गेला तो. हात सोन्याचे, पण घाई अशी की विचारू नका. गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट त्यानं बसवला तेव्हा गाडी जॅकवर होती, मागची चाकं हवेत लोंबत होती, आणि या पठ्ठ्यानं तशीच मापं घेतली. अरे बाबा, चाकं लोंबली की मागचा धुरा, म्हणजे चाकांचा आस, खाली जातो, शाफ्ट जोडतो ते त्याचं नाक भलतीकडे वळतं. गाडी चाकांवर उभी करून मापायची असते. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, चालतंय की!" चालत होतंच. फक्त वेग जरा वाढला की पायाखालून एक बारीक गुणगुण यायची.

गाडी चालवताना तोही असाच गुणगुणायचा. तोंड मिटून, नाकातून, ना ताल ना शब्द.

तो गेल्यावर आई रोज संध्याकाळी म्हणायची, "एक चक्कर मारून आण गं." मागच्या सीटवर मधोमध बसायची, डोळे मिटून. मला वाटायचं, हवा खातेय बिचारी. एकदा गुणगुण सुरू झाली तशी हळूच म्हणाली, "आला बघ." पण मला काही त्यात भाऊ ऐकू येत नव्हता. मला चुकलेला कोन ऐकू येत होता.

मग गियरबॉक्सनं राम म्हटला. आतले दातेच तुटले. त्या जातीचा गियरबॉक्स आता औषधालाही मिळत नाही, म्हणून नव्या गाडीचा, पाच गियरांचा बसवायचं ठरवलं. तोवर गाडी बंद. आई त्या बंद गाडीत जाऊन बसायला लागली. जेवायला हाक मारली की म्हणायची, "तुम्ही घ्या जेवून." तुम्ही म्हणजे कोण? घरात मी एकटी. डोळ्यांदेखत वाळत चालली होती बाई.

"लवकर कर," ती म्हणाली, "पण त्याच्या आवाजाला हात लावू नकोस."

मी शाफ्ट उतरवला होता. त्याच्या टोकाचा सांधा बोटानं हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. तो तिच्यापुढे धरला. "हा बघ तुझा आवाज. वाकड्या कोनात फिरून फिरून सांध्याचा भुगा झालाय. भर वेगात तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतेल आणि गाडी कोलांटी खाईल. तू नेमकी त्याच्यावर बसतेस."

"खाऊ दे कोलांटी. त्याच्याकडेच जाईन ना."

माझं डोकंच फिरलं. "आणि गाडी चालवतं कोण? मी कुणाची कोण आहे गं?"

आईनं तो सांधा हातानं बाजूला सारला. मग म्हणाली, "कर तुला काय करायचं ते. आमच्या मायलेकरांत पाचर मारायची तर मार."

पुढचं काम नेमकं पाचरीचंच होतं. नव्या गियरबॉक्सचं शेपूट जितकं खाली झुकतं, तितकंच मागच्या धुऱ्याचं नाक वर हवं. मग शाफ्टच्या दोन सांध्यांपैकी एकाचा हिसका दुसरा पोटात घालतो आणि गाडी गप्प राहते. नाक उचलायला धुरा आणि स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये लोखंडाची निमुळती पट्टी सारतात. तिला आम्ही पाचर म्हणतो. आईला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी कानस मारताना तिचं वाक्य हातात येत होतं.

गाडी जमिनीवर उभी केली. मागच्या सीटवर आईच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं. कोनमापक पुढे लावला, मागे लावला. दोन्हीकडे एकच आकडा. "बघ रे गाढवा, असं मापतात," मी मोठ्यानं म्हणाले, आणि गाडीखाली पडल्या पडल्या रडले.

एकटीनं फिरवून आणली. लोण्यासारखी पळाली. हूं नाही की चूं नाही. भावाला मी दुसऱ्यांदा पोचवून आले, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी आईला बसवलं. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर वेग घेतला. आरशात ती डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"गेला," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मला ऐकू आलं.

आधी पाचर सरकली असेल म्हणून मी मनात स्वतःला शिव्या घातल्या. पण स्टिअरिंग थरथरत नव्हतं. गियरच्या दांड्यावर हात ठेवला, तोही शांत. गुणगुण पायाखालून येतच नव्हती, माझ्या मानेमागून येत होती. मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सुरू व्हायची. लोखंड कधी श्वास घेतं का?

गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. तो गुणगुणतच होता.

"आई," मी मागे वळले, "आई, आहे गं तो. मला ऐकू येतोय."

आईनं कान दिला. अगदी लहान मुलासारखी मान वाकडी करून, श्वास रोखून तिनं ऐकलं. मग पुढे सरकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नको गं बाळ," ती म्हणाली. "माझ्यासाठी खोटं नको बोलूस. तू केलंस ते बरोबरच केलंस. मीच वेडी."

"अगं शपथ आई, आत्ता, इथे..."

"हो गं, हो." ती पदरानं माझे डोळे पुसायला लागली. "तुझाही भाऊच होता ना तो. चल घरी. आज मी जेवते तुझ्याबरोबर."

माझ्या कानाशी तो गात होता, आणि आई माझीच समजूत काढत होती.