पत्त्याची शेवटची ओळ

"आले बघा फ्री स्टेटवाले," खाटीक मॉलाकी सुरा पुसता पुसता दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "काय कॉनल, तिकडची डुकरं संपली वाटतं?"

"आहेत की," कॉनल हार्किन टोपी काढत म्हणाला. "पण आमची डुकरं शहाणी. सॉसेज व्हायला कबूल होत नाहीत. म्हटलं, राणीच्या राज्यातली बिचारी साधी असतात."

"राणीचं नाव काढू नकोस रे बाबा माझ्या दुकानात. आयरिश गिऱ्हाईक पळेल."

रांगेतल्या दोन बायका हसल्या. डेर्व्लाही हसली. दर शुक्रवारी डेरी शहरात यायचं, याच दुकानातून सॉसेज घ्यायचे आणि सॉसेजबरोबर ही बोलाचालीही घरी न्यायची, हा तिच्या वडिलांचा तीस वर्षांचा नेम. फ्री स्टेट हे स्वतंत्र आयर्लंडचं पहिलं नाव सरकारी कागदांतून कधीच गेलं होतं. सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांना चिडवण्यापुरतं डेरीच्या लोकांनी ते जपून ठेवलं होतं. कॉनलला त्याचा राग येत नसे. उलट एखाद्या शुक्रवारी मॉलाकी विसरला असता, तर त्याला चुकल्यासारखं झालं असतं.

परतताना गाडी डेर्व्ला चालवत होती. खाडी उजव्या हाताला चकचकत होती आणि ओहोटीच्या चिखलात बगळे उभे होते. मफ गावाच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली. सीमा म्हणायची ती एवढीच.

"आलो दक्षिणेत," कॉनल म्हणाला.

गाडी सरळ उत्तरेला चालली होती. हा विनोद ती कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. डेरीहून कल्डॅफचं घर चांगलं वीस मैल उत्तरेला. पण डेरी ब्रिटनकडे राहिलेल्या नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणून लोकांच्या लेखी कल्डॅफ दक्षिणेत.

"बाबा, पत्रांवर काय काय लिहून यायचं हो?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. पण पोस्टमन म्हणून चाळीस वर्षं आधी सायकल आणि मग गाडी हाकलेल्या माणसाला हे विचारलं की तो सीटमध्ये जरा ताठ बसतो, तेही तिला माहीत होतं.

"काय नाही यायचं ते विचार. अमेरिकेतून यायचं फ्री स्टेट. इंग्लंडमधून आयरे. डब्लिनच्या वकिलांकडून रिपब्लिक. मी गावाचं नाव नंतर वाचायचो, आधी शेवटची ओळ. लिहिणारा कुठे उभा आहे, ते त्या ओळीत कळतं."

"आपल्या गावातल्या कॅसी डोहर्टीचा भाऊ."

"तो फिलाडेल्फियाचा. बावीस-तेवीस साली गेला, तो मरेपर्यंत आयरिश फ्री स्टेटच लिहीत राहिला. आमच्याकडे एक नवा कारकून आला होता. त्याने एकदा पेन घेऊन ते खोडायला घेतलं. मी म्हटलं, ठेव ते पेन खाली. तो माणूस जाताना जे नाव बरोबर घेऊन गेला, तेच त्याच्यापाशी आहे. ते तू कशाला खोडतोस? शिवाय खोडलेलं कॅसीला दिसलं तर? ती म्हणेल, भाऊ म्हातारा झाला."

"आणि आयरे? आपल्या तिकिटांवरही तर तेच असतं."

"आपल्या भाषेत आपण म्हणतो, ते वेगळं. इंग्रजी बोलणारा इंग्लिश माणूस फ्रान्सला फ्रान्स म्हणतो, स्पेनला स्पेन म्हणतो आणि आपल्यापाशी आला की मध्येच आयरिश बोलायला लागतो. का? तर सरळ आयर्लंड म्हणायला जीभ रेटत नाही. म्हटलं तर वेगळा देश मान्य केल्यासारखं होतं ना." तो हसला. "पण पत्र मी त्याचंही पोचवलं. वेळेवर."

पुढचा प्रश्न डेर्व्लाच्या ओठांपर्यंत आला होता. चौथं एक नाव राहिलं होतं आणि ते त्याने मुद्दाम वगळलं होतं.

"आटप जरा," कॉनल म्हणाला. "सॉसेज खराब होतील."

इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका ग्रंथालयात डेर्व्ला बावीस वर्षं नोकरी करत होती. अकरा वर्षांपूर्वी कॉनल तिच्याकडे आठवडाभर राहायला आला होता. तिच्या नवऱ्याच्या, फिलिपच्या आईने, मार्जरीने, रविवारी जेवायला बोलावलं, चांगले बारा पाहुणे जमवले आणि कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, "हे आमच्या डेर्व्लाचे वडील. खास सदर्न आयर्लंडहून आलेत."

कॉनल उठून उभा राहिला होता. निळ्या कोटाचं बटण लावून, अगदी अदबीने म्हणाला होता, "आयर्लंड, बाईसाहेब. नुसतं आयर्लंड. देशाचं नाव तेवढंच आहे."

आणि डेर्व्ला हसली. "बाबा, पुरे ना. सगळं एकच ते. इथे कुणाला पडलंय?"

त्याने मुलीकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाला आणि खाली बसला. मग जेवण होईपर्यंत हवेबद्दल बोलला. त्यानंतर तो लीड्सला कधी आला नाही. गुडघे दुखतात, म्हणायचा. त्याच गुडघ्यांनी तो रोज किनाऱ्यावर दोन मैल चालून यायचा.

ती त्याबद्दल कधी बोलली नव्हती. या खेपेला बोलायचं, असं ठरवून आली होती. रविवारी निघायचं होतं, म्हणजे हातात अजून दीड दिवस होता.

घरी येऊन त्याने सॉसेज तळले. करपलेले स्वतःच्या ताटात घेतले, बरे तिला वाढले. रेडिओवर जिल्ह्यातल्या मृत्यूंच्या रोजच्या बातम्या लागल्या तसा हाताने तिला गप्प केलं आणि प्रत्येक नाव नीट ऐकून घेतलं. "आज आपल्या वाटेवरचं कुणी नाही," समाधानाने म्हणाला. चाळीस वर्षांत ज्या दारांत पत्रं टाकली, ती सगळी त्याची वाट. मग कप विसळून पालथे घातले आणि झोपायला गेला.

सकाळी आठ वाजले तरी शेगडीतली राख काढल्याचा आवाज आला नाही. डेर्व्ला चहा घेऊन वर गेली. तो कुशीवर होता, एक हात गालाखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्यांना कळलंही नसेल.

दुपारपर्यंत घर तिचं राहिलं नाही. शेजारच्या नॅनने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणि ऐंशी कप आले. हॅम, पाव, फळांचे केक न सांगता दारात येऊन पडले. संध्याकाळी रेडिओवर त्याचंही नाव वाचलं गेलं, तेव्हा सगळं स्वयंपाकघर चिडीचूप झालं. नॅन तेवढी म्हणाली, "आज वाटेवरचं निघालं गं." डेर्व्लाला रडू तेव्हा पहिल्यांदा आलं.

दफन होईपर्यंत मृताला एकटं ठेवायचं नाही, हा तिथला शिरस्ता. उघडी शवपेटी बाहेरच्या खोलीत होती आणि शेजारच्या खुर्चीवर पाळीपाळीने कुणीतरी बसायचं. माणसं यायची, डेर्व्लाचा हात हातात घ्यायची, "वाईट झालं" म्हणायची आणि मग चहा घेता घेता कॉनलच्या गोष्टी निघायच्या. कुत्रा चावला तरी त्याने पत्र दिलं. मग त्या कुत्र्याच्या नावाने आलेलं नाताळचं कार्ड त्याने जाऊन कुत्र्यालाच वाचून दाखवलं. भिंतीपलीकडून हसण्याची लाट यायची. त्याला ते आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिलिप आणि मार्जरी आले. बेलफास्टपर्यंत विमान, पुढे गाडी. मार्जरीचं वय ब्याऐंशी. काळी हॅट, काळे हातमोजे, हातात पांढरी फुलं. हसण्याचा आवाज ऐकून ती दारातच बिचकली. पेटीजवळ मात्र खूप वेळ उभी राहिली.

तेव्हा बसायची पाळी होती ह्यूईची. कॉनलच्या हाताखाली तयार झालेला पोस्टमन, आता स्वतःही निवृत्त. त्याने उठून तिला खुर्ची दिली.

"आभारी आहे," मार्जरी म्हणाली. "फार सुंदर मुलूख आहे हो तुमचा. सदर्न आयर्लंडला मी पहिल्यांदाच येतेय."

ह्यूईने कपात पाहिलं. पाहुण्याची चूक काढायची नाही, आणि मयताच्या घरात तर नाहीच नाही. "रस्ता लांबचा पडला असेल तुम्हाला," तो म्हणाला.

तिथेच ते मिटलं असतं. दारात उभ्या असलेल्या डेर्व्लाच्या हातात सँडविचचं ताट होतं. तिने ते कपाटावर ठेवलं.

"मार्जरी, आम्ही आयर्लंड म्हणतो," ती म्हणाली. "नुसतं आयर्लंड."

मार्जरीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता. "मग मी इतकी वर्षं चुकीचं म्हणत आले? वाईट वाटायचं का तुम्हाला? अगं, कुणी सांगायचं नाही का मला?"

"बाबांनी सांगितलं होतं. तुमच्याच घरी, जेवताना."

मार्जरी आठवू लागली. "उभे राहिले होते ते. हो. आणि मग... तूच काहीतरी बोललीस ना? आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, गंमत करतायत."

"गंमत नव्हती ती."

ह्यूई कप घेऊन निघू लागला. डेर्व्लाने त्याला हातानेच थांबवलं. हे कुणीतरी ऐकायला हवं होतं. स्वयंपाकघरातलं बोलणंही थांबलं होतं आणि नॅन दाराशी येऊन उभी राहिली होती. मार्जरीने सरकून वाट करून दिली.

डेर्व्ला पेटीपाशी गेली. त्याला निळा कोट घातला होता. ती खाली वाकली नाही, कुजबुजली नाही. त्याला रेडिओ ऐकताना लागायचा तेवढ्या आवाजात म्हणाली,

"बाबा, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या माणसांपुढे मला तुमची लाज वाटली, म्हणून मी हसले."