वाळत घातलेले पाणी

मी एक जुना बाष्पमापक आहे. नावाला घाबरू नका, मित्रांनो. चार फूट रुंद, वीतभर खोल अशी जस्ती पत्र्याची परात म्हणा हवे तर. पोटात पाणी घेऊन उन्हात बसायचे, एवढेच माझे काम. रोज सकाळी आठ वाजता कोणीतरी पट्टी बुडवून बघते की कालपासून किती पाणी उडून गेले, आणि तो आकडा वहीत लिहिते. मग गेले तेवढे पाणी पुन्हा भरतात. मला हे काम फार विद्वत्तेचे वाटायचे.

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळी उन्हाळ्यात मी मिरजगावजवळच्या एका शेतकी केंद्रावर, माळावर लाकडी चौकटीवर बसलेला होतो. गावात टँकर येई आणि बायका दोन हंड्यांसाठी भांडत. इकडे माझ्यासाठी रोज एक हंडा राखून ठेवलेला. तो डोक्यावरून आणण्याचे काम बायडाबाईकडे होते. पहिल्याच दिवशी तिने मला निरखून पाहिले आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "लोकं कुरडया वाळत घालत्यात, ह्ये पानी वाळत घालत्यात."

मला राग आला. 

माझे आकडे लिहीत असे रंगनाथ. कर्जतचा हा मुलगा एम.एस्सी.ला होता आणि माळावरचे पाणी हवेत कसे जाते यावर प्रबंध लिहीत होता. मार्चची शिष्यवृत्ती जुलैत मिळायची. फी भरली की खानावळीला काही उरत नसे, म्हणून वसतिगृह सोडून त्याने माझ्या शेजारच्या अवजारांच्या खोलीत बिऱ्हाड केले होते. एकदा त्याने धुतलेला लेंगा तापमापकाच्या पेटीवर वाळत घातला, आणि त्या दिवशी मिरजगावची हवा कोकणाइतकी दमट असल्याची नोंद झाली. बायडाबाई त्याला दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी पदराखालून आणून देई. मेअखेर प्रबंध गेला नाही तर आणखी एका सहामाहीची फी पडणार होती. ती भरणे त्याला शक्य नव्हते. शिक्षण सोडून घरी जावे लागले असते.

माझे आकडे मात्र झकास येत होते. रोज अठरा मिलिमीटर! रंगनाथचे मार्गदर्शक प्राध्यापक काकासाहेब तर हरखून गेले. दर आठवड्याला एक दिवस आकडा चौदावर उतरे. त्यावरून त्यांनी 'माळरानावरील साप्ताहिक हवामानबदल' असा सिद्धान्तही मांडला. पाहुणे आले की ते मला दाखवायचे. खरे काय ते मला ठाऊक होते, मित्रांनो. पण कौतुक कोणाला नको असते?

एके दिवशी पट्टी बघून निघालेला रंगनाथ विसरलेले पेन घ्यायला परत आला. बायडाबाईची शेळी पुढचे दोन पाय माझ्या चौकटीवर ठेवून निवांत पाणी पीत होती, आणि बायडाबाई माझ्यावरची पक्ष्यांना अडवणारी जाळी उचलून धरून उभी होती.

 त्याला पाहून ती म्हणाली, "साहेब, ऊन पितंय ते चालतं तुमाला. माजी शेळी प्याली की चोरी व्हय?"

तो माझ्या शेजारी बसला. अकरा आठवड्यांच्या नोंदी शेळीने प्यायल्या होत्या. सांगावे तर बायडाबाईचे काम जाणार आणि प्रबंधही अडकणार. न सांगावे तर शेळीची तहान उन्हाच्या नावावर छापली जाणार. मला फार लाज वाटली.

मग त्याने विचारले, "मावशी, रोज पिते का ही?"

"रोज. बाजारचा दिस सोडून. त्या दिशी ती घरी बांधलेली असती."

रंगनाथने घाईघाईने वही उघडली. चौदाचे सगळे आकडे बाजारच्या दिवसांचे होते. काकासाहेबांचा हवामानबदल बायडाबाईच्या शेळीच्या दाव्याला बांधलेला होता.

त्या दिवसापासून त्याने आपल्या अंघोळीची बादली शेळीपुढे ठेवली आणि आकडा रोज चौदावर स्थिर झाला. शेळीचे त्याने काकासाहेबांना सांगितले. त्यांनी सगळे खोडून टाक आणि पुढच्या सहामाहीची फी भर, असे सांगितले. रंगनाथने खोडले नाही. त्याने वहीत एक रकाना वाढवला, वर 'शे.' असे लिहिले आणि रोजचे चार मिलिमीटर त्यात टाकले. काकासाहेबांनी सही केली, पण परीक्षकांसमोर आपण तोंड उघडणार नाही, असे बजावले.

पुण्याहून आलेले परीक्षक मला बघायला माळावर आले. त्यांचे बोट त्या रकान्यावर थांबले.

"शे. म्हणजे?"

"शेळी, सर," रंगनाथ म्हणाला, आणि त्याने सगळे सांगितले. फक्त बायडाबाईचे नाव घेतले नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला. बाभळीखाली बांधलेल्या शेळीकडे पाहिले. मग ते काकासाहेबांकडे वळले.

"मी आजवर बावीस प्रबंध तपासले. बाकीच्या केंद्रांवर शेळ्या नाहीत, की रकाना नाही?"

काकासाहेब आपल्या बुटाकडे बघत राहिले. रंगनाथ पास झाला आणि फी वाचली. मी इतका खूश झालो की त्या दिवशी माझ्यातले पाणी थोडे हिंदकळलेही असेल. वारा होता म्हणा.

पुढे मी गंजलो. जाळी कोणी धान्य चाळायला नेली, माझी आठवणही कोणाला राहिली नाही. मोडीत निघालो तेव्हा बायडाबाईने मला डोक्यावर घालून घरी नेले. आता तिच्या अंगणात त्या शेळीच्या नाती माझ्यात पाणी पितात. कोणी मापत नाही. सवयीने मीच मनात मोजतो.

मित्रांनो, एकच विनंती. माझ्यासारख्याला कधी उन्हात ठेवाल, तेव्हा शेजारी शेळीसाठी एक बादली भरून ठेवा. म्हणजे आमचे आकडे खरे येतील.