आबांच्या नावावर गेलेला लेख

जामसंड्यापलीकडच्या वाडीत २००८ साली वाचनालयाला संगणक मिळाला, तेव्हा ग्रंथपाल सत्यवानने त्याला आधी नंबर दिला आणि मग वीज. नंबर नसलेली वस्तू त्याच्या वाचनालयात राहत नसे. एकदा मांजर व्यायली, तर पिल्लांची नोंद कुठल्या विषयात करावी म्हणून तो दोन दिवस जेवला नव्हता म्हणे.

त्याची पुतणी संचिता कोल्हापूरला ग्रंथालयशास्त्र शिकायची. गणपतीला आली तेव्हा तिने इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुले असलेले शेतीचे लेख काकाला काढून दिले. त्यात आंब्याच्या खोडकिड्यावरचा एक होता, चित्रांसकट. सत्यवानने त्याला नंबर दिला, ४३१७, आणि जे पहिले वाचक आले त्या आबांच्या नावावर चढवला.

आबांनी तो अर्ध्या तासात वाचला आणि पेज जेवायला घरी गेले. लेख मात्र नियमाप्रमाणे सात दिवस त्यांच्याकडेच होता. सत्यवानने संगणकावर टॉवेल घातला.

तिसऱ्या दिवशी बाबली आला. त्याच्या घरापुढच्या खळ्यातल्या हापूसच्या खोडातून भुसा गळत होता. झाड आईने लावलेलं. पाच जणांनी सात उपाय सांगितले होते, म्हणून त्याला छापील काय ते हवं होतं.

"आबांच्या नावावर आसा," सत्यवान म्हणाला.

आबा तर समोर कट्ट्यावर विडी ओढत होते. पण बाबली नियमाला मानणारा. त्याने नाव लावलं. आधी आठ जण होते, आणि फुकटचं म्हणून जो तो मुदत वाढवून घेत होता. दर सोमवारी बाबली यायचा, टॉवेलाकडे बघायचा आणि जायचा.

शिमग्याला संचिता आली. टॉवेल कशाला, म्हणून तिने विचारलं. काकाने अभिमानाने सगळी पद्धत समजावली. तिने टॉवेल काढून बाजूला ठेवला.

"काका, ता सगळ्या जगान एकदम वाचला, तरी सरणा नाय."

सत्यवान हसला. ती हसत नव्हती. तिने लेख उघडून तीन प्रती छापल्या. सत्यवानने पडद्यावर वाकून बघितलं. तिथला लेख तसूभरही कमी झाला नव्हता.

एक प्रत घेऊन तो बाबलीकडे निघाला. माफी कशी मागायची ते वाटेत चार प्रकारे जुळवलं. खळ्यात पोचला तर झाड आडवं होतं. पार वाळलं, घरावर पडेल म्हणून शनिवारीच तोडलं होतं. बाबली त्याच खोडावर बसून लेख वाचू लागला. चौथ्या पानावर थांबला. भोकात तार घालून अळी ओढून काढायची, औषधाचा बोळा घालायचा आणि वर चिखल लिंपायचा, असं होतं तिथे.

"तार होती माझ्याकडे," तो म्हणाला. "चिखल पण."

सत्यवानला चारांतला एकही प्रकार आठवला नाही.

सातव्या दिवशी बाबली वाचनालयात हजर. लेखाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

"ठेव रे तुकाच," सत्यवान कसाबसा म्हणाला. "परत करूक लागणा नाय."

बाबलीने लेख टेबलावर ठेवला, कडा नीट जुळवल्या.

"नको. मागे कोणतरी थांबलेलो असतलो."