दिवेलागणीची भीती

मी एक पांढरी काठी बोलतेय. अ‍ॅल्युमिनियमचे चार तुकडे, आतून ओवलेली रबरी दोरी आणि टोकाजवळ लाल पट्टा. घडी घातली की पिशवीत मावते, झटकली की उभी राहते. माझी बरीच वर्षं लातुरात गेली, पंचफुलाताईंच्या उजव्या हातात.

पंचफुलाताई किल्लारीजवळच्या एका खेड्यातल्या. भूकंप झाला तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. दगडामातीची भिंत अंगावर आली. आई गेली, आणि डोक्याला मार लागून यांची नजर गेली. पुढं त्या अंधशाळेत शिकल्या, एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर झाल्या आणि तीन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधलं. स्लॅबखाली त्यांना झोप लागत नसे. रस्त्यानं ट्रक गेला आणि पत्रे थरथरले की माझ्यावरची त्यांची मूठ आवळायची, तळहाताला घाम सुटायचा. ही भीती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

लोकांचं वागणं मी रोज बघायची. कुणी न विचारता ताईंचा दंड धरून रस्ता ओलांडून द्यायचं, मग त्यांना पलीकडं जायचं असो वा नसो. कुणी दुकानात त्यांच्या देखत शेजारच्याला विचारायचं, ‘यांना काय पाहिजे?’

२०१७ च्या जूनमध्ये शिल्पा आली. मुखेडकडची, सतरा वर्षांची, डॉक्टर व्हायचं म्हणून क्लास लावलेली. लातुरातली सगळी होस्टेलं भरली होती, ताईंची एक खोली भाड्यानं मिळत होती, म्हणून तिचे वडील आप्पासाहेब नाइलाजानं ताईंच्या ओट्यावर टेकले.

“बाई, राग मानू नका,” ते म्हणाले. “पन पोरीवर ध्यान कसं ठेवनार तुम्ही?”

“कानानं,” ताई म्हणाल्या.

शिल्पा मात्र ताईंना बिचकायची. ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. ताई बोलल्या तर भिंतीकडं बघून उत्तर द्यायची. आईला फोनवर सांगायची, “त्यांचे डोळे उघडेच असतात गं. मला बघवत नाही.” एकदा झाडताना तिनं मला दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं, ही पोरगी एक दिवस मला उकिरड्यावर फेकणार.

श्रावणातली गोष्ट. क्लास सुटून ती दिवेलागणीला परतली. आभाळ भरलेलं, लाइट गेलेली. दारातून आत येताना तिचा पाय माझ्यावर पडला. मी खणकन् आडवी झाले, ती गुडघ्यावर आपटली.

“ही काठी मध्ये कशाला ठेवता?” ती ओरडली.

ताई चुलीपासून उठून आल्या. खाली बसून मला चाचपलं.

“काठी कोपऱ्यातच होती, शिल्पा. तूच भिंतीला खेटून आलीस.”

“अंधार आहे.”

“अंधार तर आत्ता झाला. तू महिनाभर झालं, सांजच्याला पायऱ्या मोजत चढायलीस. भिंतीवर हात घासत येतीस, मला ऐकू येतं. मीबी तसंच चालायला शिकले होते.” ताईंनी मला कोपऱ्यात उभं केलं. “कधीपासून दिसंना?”

शिल्पा भिंतीला टेकून बसली.

“नववीपासून. सूर्य मावळला की सगळं पुसल्यासारखं होतं. बाजूचं माणूसही दिसत नाही. माझ्या मामाचं असंच सुरू झालं होतं. घरी कळलं तर शिक्षण बंद करतील.” तिनं गुडघे पोटाशी घेतले. “तुमच्याकडं बघितलं की मला मीच दिसते, ताई. म्हणून मी बघत नव्हते.”

ताईंनी तिला धीराची भाषणं दिली नाहीत. “मला अजून भ्या वाटतं,” त्या म्हणाल्या. “ट्रक गेला तरी वाटतं. कुणाला सांगितलं न्हाई आजवर.” मग तिच्या गुडघ्याला हळद लावली. त्या संध्याकाळी दोघी पहिल्यांदा एकत्र जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. कंपाउंडरनं ताईंकडं बघून शिल्पाला विचारलं, “यांना काय त्रास आहे?”

“त्यांना नाही,” शिल्पा म्हणाली. “मला तपासायचंय.”

डोळ्यांतल्या पडद्याचा आजार निघाला. घराण्यातून येणारा, हळूहळू वाढणारा. आज यावर उपाय नाही, पण दिवसाची नजर बरीच वर्षं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर शिल्पानं ताईंचा हात घट्ट धरला, कोण कुणाला नेतंय ते मलाही कळेना.

शिल्पानं घरी फोन करून सांगितलं, तसे आप्पासाहेब पहिल्या गाडीनं आले. “सामान बांध,” एवढंच बोलले. ताईंनी वाद घातला नाही. “मी कामावर निघाले, भाऊ. सोबत चला जरा.”

ते सोबत निघाले. उघड्या गटाराशी त्यांनी घाबरून ताईंना धरायला हात पुढं केला, तोवर मी काठ शोधला होता आणि ताई पलीकडं गेल्याही होत्या. कार्यालयाच्या बाकावर ते तासभर बसून राहिले, ताईंचे फोन ऐकत.

“एकटीला भ्या वाटत न्हाई?” अखेर त्यांनी विचारलं.

“वाटतं की. तरी साडेनऊला निघावं लागतं.”

आप्पासाहेबांनी टोपी काढून तोंड पुसलं. “ऱ्हाऊ द्या तिला. तुमच्यापाशीच.”

शिल्पा डॉक्टर झाली नाही. ते तिनंच सोडलं, खूप रडून. आता ती नांदेडला मानसशास्त्र शिकतेय. ताईंना नवी काठी मिळाली, तेव्हा तिनं मला मागून घेतलं. पण कितीतरी महिने मी पिशवीतच घडी होऊन पडले होते. लोक काय म्हणतील, या भीतीनं तिचा हात माझ्यापर्यंत येऊन परत फिरायचा.

गेल्या आठवड्यात, एसटी स्टँडवर, उजेड जाता जाता तिनं मला बाहेर काढलं. मी उभी राहिले. बाकावरच्या बाईनं लगेच आपली पिशवी ओढून घेतली आणि लेकराला पलीकडं सरकवलं.

पिशवी सरकल्याचा आवाज शिल्पानं ऐकला. मग ती त्या बाईकडं वळून म्हणाली, “मी शिल्पा. मुखेडची. तुम्ही कुठल्या?”

माझ्यावरची मूठ भिजून गेली.

“नायगावची,” बाई म्हणाली. आणि थोडी अलीकडं सरकली. “बस की इथं.”

वाचणाऱ्यांनो, मला बघून वाट सोडू नका, न विचारता हातही धरू नका. आधी नाव विचारा. आम्हांला भीती वाटते, तुम्हांलाही वाटत असेल; पण कुणीतरी आधी बोलावंच लागतं.