बर्फ म्हणून टाकलेले

धाकटीने खोलीचं जाड दार लावलं, बाहेरच्या टेबलाशी येऊन बसली आणि क्ष-किरणांचं बटण दाबलं. आतल्या कॅमेऱ्यात प्रथिनाचा स्फटिक दिसत होता, साखरेच्या कणाहून लहान, हळदीसारखा पिवळा, गारठवणाऱ्या वायूच्या झोताखाली. त्यातून आरपार जाणाऱ्या दिव्याच्या प्रकाशाचा आलेख शेजारच्या पडद्यावर उमटला होता. पिवळ्या रंगाचा चांगला ठसठशीत उंचवटा होता. किरण पडले आणि उंचवटा बसला. किरणांनी काढायचं प्रथिनाच्या रचनेचं चित्र पुरं व्हायच्या आतच पिवळा रंग उडाला. पहिले पाढे पंचावन्न!

"तुझा दिवाच नीट जुळलेला नाही," मागून बाई म्हणाल्या.

बाई तिच्या मार्गदर्शक. त्यांच्या हाताखालची सगळ्यात लहान म्हणून ही धाकटी. दिवा जुळवून जुळवून तिचे डोळे चुरचुरत होते.

"दिव्याचा दोष नाही, बाई. किरणच त्याला बिघडवतात. आपण चित्र काढतो ते बिघडलेल्याचं."

"नाचता येईना अंगण वाकडं. मी याच प्रथिनाचं चित्र काढलं तेव्हा कुठे होता दिवा? काही अडलं का?"

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चित्र जिन्यापाशी चौकटीत लावलेलं होतं. बाईंचं नाव झालं ते त्याच्यावरच. धाकटीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण नेमकं त्यालाच खोटं पाडत होतं, आणि बाईंनी हो म्हटल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

"चित्र झाल्यावर तुमचा स्फटिक कसा दिसायचा?" तिने आवाज आवरून विचारलं.

"कसा म्हणजे? पांढरट. बर्फ धरायचा ना त्यावर. टाकून द्यायचो आम्ही."

"दर वेळी धरायचा?"

बाई पुढे वाकून कॅमेऱ्यातला फिका कण बघत राहिल्या. त्याच्या कडा काचेसारख्या स्वच्छ होत्या. बर्फाचा मागमूस नव्हता.

शेवटचा एकच स्फटिक उरला होता. बाईंनी चिमटा उचलला, आत जाऊन तो स्वतः बसवला आणि बटणांकडे हात नेला. धाकटी बाहेरून कॅमेऱ्यात बघत होती. आता या दिवा बंद करणार, झालं!

बंद झाली ती छतावरची ट्यूबलाइट. तिच्या उजेडाने आलेख थरथरतो, म्हणून धाकटी सकाळपासून कुरकुरत होती. आत फक्त दिव्याचा बारीक ठिपका त्या पिवळ्या कणावर राहिला.

बाई बाहेर आल्या, दार लावलं आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"घे आता. पण एकदम नको, किरण थोडे थोडे सोड," त्या म्हणाल्या. "रंग कधी उडतो ते मला बघू दे."