ओटीतलं बी

इरम्माचं तोंड म्हणजे तोफखाना, हे सास्तुरात शेंबडं पोरही सांगेल. पण येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, रानात पूजेला आली, की बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. कडब्याची झोपडीवजा कोप उभी, आत पांडव म्हणून मांडलेल्या पाच दगडांना चुना लावलेला, आंबिलाचं मडकं गार. यंदा लेक रुद्रेश पुण्याहून आला होता आणि येताना डोक्यात एक खेळ घेऊन आला होता. कंपनीच्या हिरवळीवर साहेबलोक खेळतात म्हणे: तिरकी फळी, तिला भोक, आणि लांबून धान्याची पिशवी नेमकी भोकात टाकायची.

जुन्या दाराची फळी त्यानं स्वतः कापली. जुन्या पँटीच्या आठ पिशव्या त्याच्या बायकोनं, राजेश्वरीनं शिवल्या. भरल्या मात्र त्यानंच.

हरभऱ्याच्या कडेला खेळ मांडला. शेजारच्या रानातले चुलतदीर हणमंतप्पा भज्जी-भाकरी चेपून ढेकर देत आले. त्यांच्या तीन पिशव्या बांधापलीकडं गेल्या, तेव्हा इरम्मा पदर खोचून उठली.

"सरा भावजी, तुमचं काम न्हाय हे!"

पहिली पिशवी भोकात. दुसरीबी भोकात! "वा गं अव्वा!" रुद्रेश ओरडला. मग काय, अंगात वारंच शिरलं. तिसरी तिनं अशी भिरकावली, की फळीच्या कडेला आपटून टर्रकन उसवली आणि ज्वारी मातीत सांडली.

इरम्मा हसत हसत वाकली आणि तशीच थांबली. दाणा ओळखीचा होता. कडुलिंबाचा वासही ओळखीचा.

"रुद्र्या, ही ज्वारी कुठली रं?"

"चुलीमागच्या गाडग्यातली. नुसती राखच होती त्यात. मला वाटलं, भांडी घासायची राख, तिच्यात जुनी ज्वारी सांडलीय. चाळून घेतली."

झालं! इरम्माचा भडका उडाला.

"मुडद्या! शेतकऱ्याच्या पोटी जन्मलास, आन् बी राखेत, लिंबाच्या पाल्यात ठेवत्यात, एवढं ठावं न्हाय तुला? माझ्या लग्नात माझ्या अव्वानं ओटीत घातलेली गूळभेंडी ज्वारी हाय ती! चाळीस वर्सं दर साली तिचे दोन तास, दोनच वळी, पेरत आले. लहानपणी हुरडा कशाचा खाल्लास रं? यंदा भादव्यात रान तुंबलं, पेरलेलं सगळं कुजलं. गाडग्यात उरलं व्हतं तेवढंच बी, पुढच्या सालासाठी!"

"जाऊ द्या वैनी," हणमंतप्पा दात कोरत म्हणाले. "दुकानात मिळतंय की बी."

"तुमी गप बसा! दुकानात माझी आई मिळती का?"

इरम्मानं लेकाकडं बोट केलं. "वेच. एकूण एक दाणा वेच."

पुण्याचा साहेब गुडघ्यावर आला. चांगली पँट मातीत घोळली. इरम्मा डोक्यावर उभी राहून ढेकळाआडचा दाणा न् दाणा दाखवत होती, शिव्या घालत होती. उरलेल्या सात पिशव्या राजेश्वरीनं सासूपुढं आणून ठेवल्या. तशी इरम्मा जरा निवळली. वाया गेलं न्हाय, दोन तास सहज पेरून होतील, असं तिनं मनाशी धरलं. मग सवयीनं एक दाणा दाताखाली धरला. बी चांगलं असलं, की दाताला दाद देत नाही.

हा दाणा कुर्रकन फुटला.

तिनं लेकाकडं बघितलं.

"भाजलंस?"

रुद्रेशची मान वर होईना. "पिशवीत किडे होऊ नयेत म्हणून... कढईत जरा परतून घेतलं. मोबाईलवर तसंच दाखवलं होतं."

आता ती ओरडली नाही. एक पिशवी उचलून तिनं त्याच्या हातात दिली.

"खेळ."

"अव्वा, नको गं."

"खेळ म्हनते न्हवं! माझ्या आईचं बी हाय, तुज्या हातानं मारलंस. आता हे दुसऱ्या कशाच्या कामाचं न्हाय. खेळ!"

त्यानं फेकली. पिशवी फळीवरून घसरत नेमकी भोकात गेली. कुणी 'वा' म्हटलं नाही.

इरम्मानं दुसरी पिशवी त्याच्या हातात ठेवली.