एकशेवीसचा नमुना

आमच्या जीवरसायनशास्त्र विभागात परीक्षेच्या दिवशी रक्तातली साखर एकशेवीसच असते. रक्त म्हणजे काही खरं रक्त नव्हे. पाण्यात ग्लुकोज मोजून विरघळवलेला नमुना असतो आणि तो मी तयार करतो. आधीच्या विभागप्रमुखांनी एकशेवीस ठरवून दिलं, पुढं ते निवृत्त झाले, आकडा तेवढा राहिला. सोलापुरात डॉक्टर व्हायला आलेलं पोर हाडांची नावं पाठ व्हायच्या आधी सीनियरच्या जर्नलमधून हा आकडा पाठ करतं.

मी भीमा, इथला लॅब टेक्निशियन. पोरं मामा म्हणतात. कोण नळ्या धुऊन ठेवतं आणि कोण तशाच पालथ्या घालून पळतं, एवढ्यावरून मी पास-नापास सांगतो, आणि दहातले आठ बरोबर निघतात. सिद्धेश्वरी बिराजदार हा माझा चुकलेला अंदाज. नळ्या धुणारी पोरगी, अक्कलकोटच्या पुढच्या खेड्यातली, घरी कानडी बोलणारी. उन्हाळ्यात तीन मार्कांनी गेली. आताची पुरवणी परीक्षाही गेली, तर तिच्या बरोबरीची पोरं वॉर्डात जाणार आणि ही धाकट्या बॅचबरोबर पुन्हा पहिल्या वर्षात बसणार.

पुरवणीला सात जण होते. सकाळी फ्रीज उघडला तर स्टँडर्ड कमी. स्टँडर्ड म्हणजे ज्यात साखर किती ते आधीच माहीत असतं असं द्रावण, आमचं शंभरचं. त्याच्या रंगाशी नमुन्याचा रंग मशीनवर ताडून उत्तर काढायचं. होतं ते साडेतीन पोरांना पुरलं असतं. मागणीपत्र अडीच महिने स्टोअरमध्ये झोपलेलं. पाहुणे वाढले की आमटीत घालतात तसं मी त्यात तितकंच पाणी घातलं. पहिल्यांदा नव्हतं केलं. मशीन बघतं कोण? सगळ्यांना उत्तर माहीत असतं. ते उत्तरावरून मागं येत आकडे भरतात.

अकराच्या सुमारास सिद्धेश्वरी मशीनपाशी गेली ती तिथंच थिजली.

"किती आलं गं?" शेजारच्या टेबलावरून मंजुनाथनं हळूच विचारलं. हा तळेहिप्परग्याचा, दुसऱ्यांदा बसलेला आणि त्याचं काही न वाटणारा.

"दोनशेचाळीस."

"खुळी का काय? एकशेवीस लिही की."

"मशीन दोनशेचाळीस सांगतंय."

"मग मशीनलाच बसव परीक्षेला."

ती माझ्याकडं आली. कपाळावर घाम, ॲप्रनच्या बाहीवर गुलाबी डाग. "मामा, धुतलेल्या नळ्या द्या. परत करते."

"वेळ हाय का?"

"वीस मिनिटं."

दिल्या. पिपेटच्या नळीतला थेंब खुणेवर थांबवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. पुन्हा तेच. मशीनवर रंगाचे आकडे: नमुना शून्य पूर्णांक छत्तीस, स्टँडर्ड शून्य पूर्णांक पंधरा. तिनं भागाकार केला, खोडला, परत केला.

"मामा, माझं कुटं चुकतंय?"

"परीक्षेत मी सांगू शकत न्हाई, बाई."

नियम तसाच आहे. त्या दिवशी तो मला जरा जास्तच आवडला.

ती जागेवर जाऊन बसली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सहा जणांनी पेपर देऊन टाकले होते. घंटा व्हायला मिनिट असताना तिनं दोनशेचाळीस लिहिलं, आणि पेपर देताना तो सोडेचना. आमच्या विभागप्रमुख महेश्वरी मॅडमना ओढून घ्यावा लागला.

बाहेरून आलेले परीक्षक टेकाळे सर चष्मा कपाळावर ठेवून पेपर वाचणारे. सहा पेपर झर्रकन उलटले. सातव्यावर थांबले.

"सहा जणांचा पेशंट ठणठणीत, आणि तुझ्याच पेशंटला मधुमेह?"

"व्हय सर. म्हणजे, हो सर."

"खात्री आहे?"

"दोनदा केलं, सर." आवाज एवढासा. "खात्री न्हाई. पण दोन्ही वेळेला हेच आलं."

महेश्वरी मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सर, नमुना एकशेवीसचाच आहे. भीमाला विचारा, त्यानंच केलाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोरगीसुद्धा. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर एकशेवीस हेच होतं. तेवढं बोललो असतो तर खोटं बोललो असं कुणी म्हटलं नसतं, आणि ती गेली असती.

"एकशेवीसच हाय," मी म्हणालो. सिद्धेश्वरीनं मान खाली घातली. "पण स्टँडर्ड पुरत नव्हतं, सर. मी निम्मं पाणी घातलंय."

टेकाळे सरांनी चष्मा डोळ्यांवर आणला, तिच्या नळ्या उचलल्या, स्वतः मशीनवर लावल्या आणि कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला.

"स्टँडर्डचा रंग निम्मा, म्हणजे उत्तर दुप्पट. दोनशेचाळीसच यायला पाहिजे," ते म्हणाले आणि तिच्या पेपरवर सही केली. मग बाकीच्या सहा पेपरांकडं बोट करून मॅडमना विचारलं, "यांना एकशेवीस कुठून मिळालं?"

मॅडमना उत्तर माहीत होतं. त्यांचंही पहिलं वर्ष इथंच झालेलं.

शेजारच्या विभागातून स्टँडर्ड उसनं आणलं आणि सहाही जणांना पुन्हा बसवलं. मशीन शून्यावर कसं आणायचं, हे त्यातल्या चौघांना येत नव्हतं. मंजुनाथ तर लाईट लागेना म्हणून मागचं बटण शोधत होता. मला दारातच मॅडमनी गाठलं. लेखी खुलासा संध्याकाळपर्यंत. आणि पुढच्या वेळी नमुना बदलायचा.

"कितीचा करू, मॅडम?"

"तुम्हीच ठरवा, आणि मलाही सांगू नका," त्या म्हणाल्या.

कॉरिडॉरमध्ये सिद्धेश्वरी भिंतीला टेकून फोनवर होती. पलीकडं तिचे वडील, गुरप्पा. "आयतु, अप्पा, आयतु," म्हणजे झालं, झालं. मग माझ्याकडं बघत, मलाही कळावं म्हणून, फोनवर मराठीत म्हणाली, "न्हाई, पास म्हणून कुणी सांगितलं न्हाई. सही केली सरांनी. पेढे आत्ताच नका आणू, लिस्ट लागू दे."